राखीव खेळ : कुंपण किती आणि कुठवर?

२६ ऑगस्ट २०२५ या एकाच दिवशी व्हिडिओ गेमच्या बाजारात परस्परविरुद्ध दिशांच्या दोन घटना घडल्या. २००६ पासून मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सची ओळख बनून राहिलेला ‘गिअर्स ऑफ वॉर’ हा खेळ ‘रीलोडेड’ या नव्या आवृत्तीत सोनीच्या प्लेस्टेशन ५ वर आला. आणि सोनीने प्रकाशित केलेला ‘हेलडायव्हर्स २’ एक्सबॉक्सवर दाखल झाला. ज्या दोन कंपन्यांनी २००१ पासून एकमेकींची गिऱ्हाइके पळवण्यात अब्जावधी डॉलर ओतले, त्यांनी आपापला माल एकमेकींच्या दुकानात मांडला. काही खेळाडूंनी याचे स्वागत केले, तर काहींना ही शरणागती वाटली. प्रश्न मात्र दोघांच्याही भावनांपेक्षा जुना आणि मोठा आहे : यंत्र बनवणाऱ्या कंपनीने स्वतःचे खेळ प्रतिस्पर्ध्याच्या यंत्रावर द्यावेत का?

ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचे, खास खेळांसाठीच बनवलेले यंत्र. आज या क्षेत्रात तीन मोठ्या कंपन्या आहेत : जपानच्या निन्टेन्डो आणि सोनी, व अमेरिकेची मायक्रोसॉफ्ट. तिघींची यंत्रे वेगळी आणि एकीसाठी केलेला खेळ दुसरीवर चालत नाही. तो त्या यंत्रासाठी पुन्हा घडवावा लागतो. जो खेळ मुद्दाम एकाच यंत्रापुरता ठेवला जातो त्याला खेळाडू ‘एक्सक्लुझिव्ह’ म्हणतात. आपण त्याला ‘राखीव खेळ’ म्हणू. पुस्तकांच्या दुनियेत याची बरोबरी करायची तर एखाद्या प्रकाशकाची कादंबरी फक्त त्याच प्रकाशकाने विकलेल्या चष्म्यातून वाचता यावी, अशी ही व्यवस्था आहे.

ही व्यवस्था टिकण्याचे कारण हिशेबात आहे. यंत्र अनेकदा अत्यल्प नफ्यावर, कधी चक्क तोट्यात विकले जाते. २००६ मध्ये आलेले प्लेस्टेशन ३ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. खरी कमाई नंतरची. त्या यंत्रावर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक परक्या खेळाच्या किमतीतून यंत्रमालक साधारण ३० टक्के वाटा घेतो. म्हणजे यंत्रमालक हा टोलनाक्याचाही मालक असतो आणि राखीव खेळ हे त्या रस्त्यावर वाहने आणण्याचे साधन. एखाद्याने ‘फोर्झा होरायझन’ या मोटार शर्यतीसाठी एक्सबॉक्स घेतला, तर मायक्रोसॉफ्टला त्या खेळाचे पूर्ण पैसे मिळतातच, शिवाय पुढची पाच-सात वर्षे तो माणूस जे काही विकत घेईल त्यातला वाटाही मिळतो. तोच खेळ त्याने प्लेस्टेशनवर घेतला तर मायक्रोसॉफ्टला एकदाच, तेही सोनीचा वाटा वजा जाता पैसे मिळतात. पुढचा सगळा टोल सोनीचा. म्हणूनच ‘जास्त यंत्रांवर द्या, जास्त खपेल’ हा सरळ वाटणारा सल्ला यंत्रमालकाला तितकासा सरळ नसतो.

या विषयावरची बहुतेक चर्चा या हिशेबाशीच संपते. कोणाची किती यंत्रे खपली, कोण जिंकले, कोण हरले. प्रस्तुत लेखाचे म्हणणे वेगळे आहे. राखीव ठेवावे की खुले करावे, याचे उत्तर कंपनीच्या ताळेबंदात जितके आहे त्याहून अधिक त्या खेळाच्या स्वरूपात आहे. यंत्र हा खेळाच्या घडणीचा भाग आहे, की खेळाच्या दाराला बाहेरून लावलेली कडी आहे, हे आधी तपासले पाहिजे.

अटारी : पहिला प्रयोग

प्रतिस्पर्ध्याला खेळ देणे ही आजची कल्पना नव्हे. १९७७ मध्ये अटारी कंपनीने आपले कार्ट्रिज बदलून खेळायचे यंत्र बाजारात आणले. त्यावर सुरुवातीला खेळ अटारीचेच असत. १९७९ मध्ये अटारीचे काही प्रोग्रॅमर श्रेय आणि मोबदला मिळत नाही म्हणून बाहेर पडले आणि त्यांनी ॲक्टिव्हिजन काढली. स्वतःचे यंत्र नसताना दुसऱ्याच्या यंत्रासाठी खेळ करणारी ही पहिली कंपनी. अटारीने खटला भरला. १९८२ मध्ये तडजोड झाली आणि परक्या खेळकर्त्याने यंत्रमालकाला रॉयल्टी द्यायची, हा आजवर चालत आलेला शिरस्ता रुजू लागला.

त्याच सुमारास कोलेको कंपनीने निन्टेन्डोच्या ‘डाँकी काँग’चे घरगुती यंत्रांसाठीचे हक्क मिळवून तो १९८२ मध्ये आपल्या कोलेकोव्हिजन यंत्राबरोबर दिला आणि अटारी व मॅटेलच्या यंत्रांसाठीही काढला. कोलेकोव्हिजनवरची आवृत्ती देखणी होती, तर बाकीच्या दोन दुबळ्या. प्रतिस्पर्ध्याच्या यंत्राची लाज जावी म्हणून त्या मुद्दाम तशा ठेवल्या, अशी कुजबुज तेव्हापासून आहे. ती खरी असो वा नसो, तिने एक कायमचा प्रश्न उभा केला. प्रतिस्पर्ध्याला दिलेला खेळ मनापासून दिलेला आहे का?

१९८३ मध्ये खुद्द अटारीने ‘अटारीसॉफ्ट’ या नावाने आपले गाजलेले खेळ कोलेको, कमोडोर, ॲपल अशा इतरांच्या यंत्रांसाठी विकायला सुरुवात केली. तेव्हा अमेरिकेतला बाजार कोसळत होता. निकृष्ट खेळांचा पूर आला होता आणि त्या एका वर्षात अटारीचा तोटा पन्नास कोटी डॉलरच्या वर गेला. १९८४ मध्ये मालक वॉर्नरने अटारीचा घरगुती विभाग विकून टाकला. अटारीसॉफ्टमुळे अटारी बुडाली असे म्हणता येणार नाही. ती आधीच बुडत होती. पण घर पेटल्यावर दागिने विकायला काढले की गिऱ्हाईक भाव पाडून मागते. खेळ खुले करण्याचा निर्णय पडतीच्या काळात घेतला तर तो धोरण न राहता लिलाव ठरतो. पुढच्या चाळीस वर्षांत हा अनुभव पुन्हा येणार होता.

निन्टेन्डोची भिंत

या पडझडीतून धडा घेतला तो निन्टेन्डोने. १९८३ मध्ये जपानमध्ये आलेल्या फॅमिकॉमचे एनईएस हे रूप १९८५ मध्ये अमेरिकेत आणताना तिने त्या यंत्रात कुलूप घालणारी चिप बसवली. परवानगीशिवाय बनवलेले कार्ट्रिज त्यात चालेना. अमेरिकेत परवानाधारक प्रकाशकाला वर्षाला पाचच खेळ काढता येत आणि ते दोन वर्षे दुसऱ्या यंत्रावर नेता येत नसत. पुढे चौकशांच्या दबावाखाली ती अट सैल झाली. पण राखीव खेळाची आजची कल्पना या काळातली आहे. भिंतीमागे दोन हेतू होते, दर्जा राखणे आणि नफा राखणे. पहिला सांगितला जाई आणि दुसरा साधला जाई. तरी पहिला खोटा नव्हता.

आपल्याकडे या भिंतीची गंमतच झाली. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत जो ‘व्हिडिओ गेम’ आला तो बहुतांशी फॅमिकॉमची नक्कल होता आणि ‘कॅसेट’वर लाखो खेळांचा दावा छापलेला असे. मारिओ हे नाव आपल्या पिढ्यांना ठाऊक झाले ते असे, मालकाच्या परवानगीशिवाय. कुंपण घालणाऱ्याला बाजार जिथे दिसत नाही तिथे लोक स्वतःची वाट पाडून घेतात, हे त्यातून दिसते. त्याच वेळी हेही दिसते, की त्या नकली यंत्रांची बटणे आणि त्यांची मांडणी मूळ यंत्राचीच होती. म्हणून मारिओची उडी तिथेही तशीच लागत होती.

निन्टेन्डोच्या बाबतीत यंत्र आणि खेळ यांची घडण एकत्र होते. १९९६ चा ‘सुपर मारिओ ६४’ आणि निन्टेन्डो ६४ च्या कंट्रोलरवरची अंगठ्याने फिरवायची काडी एकमेकांसाठी घडल्या. काडी किती कलली त्यावर मारिओ चालणार की धावणार हे ठरे. २००६ च्या ‘वी स्पोर्ट्स’मध्ये हातातला रिमोट हीच टेनिसची रॅकेट, आजी-आजोबांनाही तो खेळ शिकवावा लागला नाही. हा खेळ २००६ मध्ये प्लेस्टेशनवर नेला असता तर त्याचे काय उरले असते? बटण दाबून चेंडू मारायचा एक सामान्य खेळ. येथे राखीवपणा ही व्यापारी अट राहत नाही. तो कलाकृतीच्या स्वरूपातून आलेला असतो.

याचा उलटा पुरावाही आहे. सोनी आणि फिलिप्स यांच्याशी झालेल्या करारांच्या गुंत्यातून निन्टेन्डोची पात्रे १९९३-९४ मध्ये फिलिप्सच्या सीडी-आय यंत्रावर गेली. ‘झेल्डा’चे खेळ आणि ‘हॉटेल मारिओ’ इतरांनी बनवले. पात्रे तीच होती, पण हाताला काही लागत नव्हते. ते खेळ आजही चेष्टेचा विषय आहेत. नाव उसने देता येते, घडण देता येत नाही, हा धडा निन्टेन्डोने मनावर घेतलेला दिसतो.

या धोरणाची खरी परीक्षा झाली २०१२ नंतर. वी यू हे यंत्र आपटले. त्याची एकूण विक्री सुमारे १ कोटी ३६ लाखांवर थांबली. मार्च २०१४ पर्यंत निन्टेन्डोच्या मूळ व्यवसायात सलग तीन वर्षे तोटा झाला. यंत्रांचा नाद सोडा, मारिओ फोनवर आणा, असा धोशा गुंतवणूकदारांनी लावला. अध्यक्ष सातोरू इवाता यांनी काही महिन्यांपुरता स्वतःचा पगार निम्मा केला, पण यंत्र सोडले नाही. २०१५ मध्ये फोनसाठी करार झाला खरा. मात्र २०१६ च्या अखेरीस आलेला ‘सुपर मारिओ रन’ हा जुन्या मारिओची नक्कल नव्हता, एका हाताने खेळता यावा असा नव्याने घडवलेला खेळ होता. ‘मारिओ कार्ट ८’ वी यूवर सुमारे ८४ लाख खपला होता. तोच खेळ २०१७ मध्ये स्विचवर थोडी भर घालून आला आणि त्याची विक्री सहा कोटींच्या पुढे गेली. स्विच स्वतः १५ कोटींच्या पुढे गेले. इवातांवर दबाव आणणाऱ्यांचे ऐकले असते तर हा खेळ दुसऱ्या कोणाच्या तरी यंत्राचा टोल वाढवत राहिला असता.

सेगा : हार मानून मोकळे झालेले घर

निन्टेन्डोच्या नेमकी उलट वाट सेगाला धरावी लागली. नव्वदच्या दशकात मारिओला टक्कर देणारा ‘सॉनिक’ सेगाचा. नोव्हेंबर १९९८ मध्ये आलेले तिचे ड्रीमकास्ट हे शेवटचे यंत्र ठरले. ३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने यंत्रनिर्मिती थांबवत असल्याचे जाहीर केले. अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी कंपनीला दिलेली कर्जे माफ केली, स्वतःचे शेअरही तिला दिले आणि दोनच महिन्यांत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘सॉनिक’ निन्टेन्डोच्या यंत्रांवर आला. दहा वर्षे ज्या दोघांच्या नावाने शाळांमध्ये तट पडत होते त्यांतला एक दुसऱ्याच्या घरी पाहुणा झाला.

या घटनेचा निवाडा दोन्ही बाजूंनी करावा लागतो. कंपनी म्हणून सेगा वाचली. २००५ मध्ये तिने प्लेस्टेशन २ साठी ‘याकुझा’ ही नवी मालिका सुरू केली, ती आजही जोमात आहे. यंत्राचे ओझे नसते तर हे आधीच झाले असते, असे म्हणता येते. दुसऱ्या बाजूला ड्रीमकास्टच्या त्या अडीच वर्षांत सेगाने जे केले ते नंतर क्वचितच घडले. मायक्रोफोनवर माणसाच्या तोंडाच्या माशाशी गप्पा मारायचा ‘सीमॅन’, यंत्रातल्याच मोडेमचा उपयोग करून घरबसल्या परक्या देशातल्या लोकांबरोबर खेळायचा ‘फँटसी स्टार ऑनलाइन’, हाताने रंगवलेल्या चित्रासारखा दिसणारा ‘जेट सेट रेडिओ’, एका जपानी गावातला दिनक्रम जगू देणारा अतिखर्चिक ‘शेनम्यू’. स्वतःच्या यंत्राकडे लोकांनी वळावे म्हणूनच असले धाडस परवडते. दुसऱ्याच्या दुकानात माल ठेवणारा प्रकाशक प्रत्येक खेळ स्वतःच्या पायावर उभा राहतो का, एवढेच पाहतो. यंत्रमालकाला त्या एका खेळाच्या तोट्यापलीकडचे काही दिसू शकते. राखीवपणाच्या बाजूने करता येण्याजोगा हा सर्वांत बळकट युक्तिवाद आहे आणि खुलेपणाचे समर्थक तो सहसा विचारात घेत नाहीत.

घडवलेले आणि विकत घेतलेले

पण हा युक्तिवाद घडवलेल्या राखीव खेळांना लागू होतो, विकत घेतलेल्यांना नाही. मायक्रोसॉफ्टचा इतिहास येथे बोलका आहे. ‘हेलो’ हा एक्सबॉक्सचा मानबिंदू मुळात एक्सबॉक्ससाठी जन्मलेला नव्हता. तो बनवणारी बंजी ही मॅकिंटॉशसाठी खेळ करणारी कंपनी आणि १९९९ मध्ये तो पहिल्यांदा लोकांसमोर आला तो ॲपलच्या व्यासपीठावर. २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने बंजी विकत घेतली आणि नोव्हेंबर २००१ मध्ये ‘हेलो’ एक्सबॉक्सचा झाला. निदान येथे खरेदीनंतरची घडण यंत्रासोबत झाली. काड्या वापरून नेमबाजी कशी सुखकर करावी हे ‘हेलो’ने पुढच्या पिढीला शिकवले.

बेथेस्डाची गोष्ट तशी नाही. तिचे खेळ वर्षानुवर्षे प्लेस्टेशनवरही येत असत. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये तिची मूळ कंपनी साडेसात अब्ज डॉलरना घेण्याचे जाहीर केले आणि २०२३ मध्ये ‘स्टारफील्ड’ फक्त एक्सबॉक्स व पीसीवर आला. या खेळाचा एक्सबॉक्सच्या घडणीशी कोणताही आंतरिक संबंध नव्हता. आधी उघडे असलेले दार बंद केले, एवढेच. याउलट २०१४ मध्ये अडीच अब्ज डॉलर मोजून घेतलेला ‘माइनक्राफ्ट’ मायक्रोसॉफ्टने सगळ्यांसाठी खुला ठेवला, तो निन्टेन्डोच्या यंत्रांवरही नेला आणि त्याच्या प्रती ३० कोटींच्या वर गेल्या. एकाच कंपनीच्या या दोन निर्णयांत दुसरा अधिक शहाणा होता, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ६८.७ अब्ज डॉलरना घेताना मायक्रोसॉफ्टला नियामकांना पटवावे लागले, की ‘कॉल ऑफ ड्यूटी’ आपण कोंडून ठेवणार नाही. जून २०२३ च्या सुनावणीच्या वेळी आपण कन्सोलचे युद्ध हरलो आहोत, असेच तिने न्यायालयात मांडले. ऑक्टोबर २०२३ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिने चार खेळ प्रतिस्पर्ध्यांना देण्याचे जाहीर केले : ‘पेंटिमेंट’, ‘हाय-फाय रश’, ‘ग्राउंडेड’ आणि ‘सी ऑफ थीव्ह्ज’. ‘स्टारफील्ड’ आणि ‘इंडियाना जोन्स’ त्यात नाहीत, असे तेव्हा सांगण्यात आले. सहा महिन्यांत ‘इंडियाना जोन्स’ची प्लेस्टेशन आवृत्ती जाहीर झाली, एप्रिल २०२५ मध्ये ती आली आणि त्याच महिन्यात ‘फोर्झा होरायझन ५’ ही.

खेळ खुले झाले याबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती ते ज्या रीतीने झाले त्याबद्दल. ‘हाय-फाय रश’ हा टँगो गेमवर्क्स या जपानी स्टुडिओचा खेळ, समीक्षकांनी नावाजलेला. १९ मार्च २०२४ रोजी तो प्लेस्टेशनवर आला आणि ७ मे रोजी मायक्रोसॉफ्टने तो स्टुडिओच बंद करत असल्याचे सांगितले. ऑगस्टमध्ये कोरियाच्या क्राफ्टनने त्याला हात दिला म्हणून तो वाचला. त्याआधी जानेवारीत मायक्रोसॉफ्टच्या खेळविभागातल्या १९०० नोकऱ्या गेल्या होत्या. जुलै २०२५ च्या कपातीत ‘परफेक्ट डार्क’ हा बनत असलेला खेळ आणि तो करणारा स्टुडिओ, दोन्ही गेले. दोन गोष्टींत थेट कार्यकारणभाव जोडणे घाईचे होईल. पण एक गोष्ट स्पष्ट दिसते. ज्या कंपनीला यंत्रासाठी खेळ हवा असतो तिला छोटा, वेगळा, कमी खपाचा खेळही यंत्राच्या प्रतिष्ठेसाठी जपावासा वाटतो. यंत्राचे महत्त्व संपले की त्या खेळाचा तो आसरा जातो. कुंपण काढताना त्याच्या आडोशाला वाढलेल्या रोपांचे काय करायचे, हा विचार आधी व्हायला हवा होता.

दुसरी बाजू गिऱ्हाइकाची. ज्याने पंधरा वर्षे एक्सबॉक्सवर खेळ जमवले त्याने एका वचनावर पैसे घातले होते. ते खेळ दुसऱ्या यंत्रावर हलवता येत नाहीत. जुने खेळ नव्या एक्सबॉक्सवर चालवण्यासाठी मायक्रोसॉफ्टने इतर दोघींपेक्षा अधिक कष्ट घेतले, हे तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण उद्या यंत्रच दुय्यम ठरले तर त्या कपाटाची किल्ली कोणाकडे, याचे नि:संदिग्ध उत्तर त्या ग्राहकाला मिळायला हवे. ‘आमचे खेळ आता सगळीकडे’ ही घोषणा त्याच्या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

सोनीचा मधला रस्ता

सोनीने या पेचातून एक व्यवहारी वाट काढलेली दिसते, ती म्हणजे मुदतीची. २०१७ चा ‘होरायझन झिरो डॉन’ २०२० मध्ये पीसीवर आला, २०१८ चा ‘गॉड ऑफ वॉर’ २०२२ मध्ये. तीन-चार वर्षे खेळ प्लेस्टेशनचा मान राखतो, यंत्र विकतो आणि मग ज्यांना यंत्र घ्यायचेच नाही त्यांच्यापर्यंत पोचतो. यात त्रुटीही झाल्या. मार्च २०२३ मध्ये ‘द लास्ट ऑफ अस’ची पीसी आवृत्ती इतक्या दोषांसह आली, की कोलेकोच्या ‘डाँकी काँग’ची आठवण व्हावी.

‘हेलडायव्हर्स २’ने मात्र वेगळा धडा दिला. चौघांनी मिळून खेळायचा हा खेळ फेब्रुवारी २०२४ मध्ये प्लेस्टेशन आणि पीसीवर एकाच दिवशी आला आणि बारा आठवड्यांत त्याच्या १ कोटी २० लाख प्रती खपल्या. अशा खेळाचा आनंद माणसांच्या संख्येवर उभा असतो. रिकाम्या मैदानावर कबड्डी होत नाही. मे महिन्यात सोनीने पीसीवरच्या खेळाडूंना प्लेस्टेशनचे खाते सक्तीचे करायला घेतले. जिथे तसे खाते उघडताच येत नाही अशा देशांतली विक्रीही थांबली. खेळाडू खवळले आणि काही दिवसांत सोनीला माघार घ्यावी लागली. दार उघडून उंबऱ्यावर पुन्हा पावती फाडायचा हा प्रयत्न होता. पुढे हाच खेळ एक्सबॉक्सवर गेला, तो त्याच्या स्वभावाला धरूनच.

छोट्या खेळकर्त्यांच्या बाजूनेही मुदतीची रीत उपयोगी ठरू शकते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा भारतीय पुराणकथांवर उभा असलेला खेळ १८ ऑगस्ट २०२० रोजी आधी निन्टेन्डो स्विचवर आला, निन्टेन्डोच्या जगभर पाहिल्या जाणाऱ्या प्रक्षेपणात झळकला आणि ऑक्टोबरमध्ये पीसी, प्लेस्टेशन व एक्सबॉक्सवर पोचला. पुण्यातल्या एका लहान चमूला दोन महिन्यांच्या राखीवपणाच्या बदल्यात जगाच्या खिडकीत जागा मिळाली. कायमचे कुंपण असते तर हाच खेळ एका यंत्रापुरता उरला असता.

तीन कसोट्या

एवढ्या इतिहासावरून सरसकट ‘द्यावेत’ किंवा ‘देऊ नयेत’ असे उत्तर निघत नाही. पण तीन वेगवेगळी उत्तरे निघतात आणि ती एकमेकांत मिसळू नयेत.

जो खेळ यंत्राच्या एखाद्या विशिष्ट अंगाशी एकजीव आहे तो त्या यंत्राचाच राहावा. तो दुसरीकडे नेणे म्हणजे त्याचे भाषांतर नव्हे, त्याचा सारांश. निन्टेन्डोचे बरेचसे काम या वर्गात मोडते. सगळे मात्र नाही. नेहमीच्याच कंट्रोलरवर खेळता येणारे तिचे कितीतरी खेळ केवळ कडी लावल्यामुळे आत आहेत.

जो खेळ अनेकांच्या सहवासावर जगतो तो पहिल्या दिवसापासून सर्वत्र असावा. त्याला कुंपण घालणे हे त्याच्याच मुळावर येते.

उरलेला मोठा वर्ग म्हणजे एकट्याने खेळायच्या, मोठ्या खर्चाच्या कथा. त्यांना राखीवपणाची गरज असते, पण ठरावीक मुदतीपुरती. तेवढ्या काळात यंत्रमालकाने आपले धाडस वसूल करावे आणि नंतर दार उघडावे. ही मुदत आधी जाहीर झाली तर यंत्र घेणाऱ्याची फसगत होत नाही आणि थांबणाऱ्यालाही थांबण्याचा हिशेब मिळतो.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. सगळ्यांनी दारे उघडली तर यंत्र घेण्याचे कारणच उरणार नाही, दुबळा यंत्रमालक बाहेर पडेल आणि टोलनाका एकाच्याच हाती राहील. हा धोका खरा आहे. पूर्वी यंत्राचे वय वाढले की किंमत उतरत असे. २०२५ मध्ये मात्र पाच वर्षे जुन्या एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशनच्या किमती अमेरिकेत वाढल्या. आयातशुल्क आणि महागाई ही कारणे आहेतच. पण कमकुवत स्पर्धेत किंमत वाढवणे सोपे जाते, हेही खरे. म्हणून मुदतीचा राखीवपणा स्पर्धा जिवंत ठेवण्याइतका असावा आणि खेळ मारण्याइतका नसावा.

खेळ मरतात, हे अलंकारिक विधान नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. २७ मार्च २०२३ रोजी निन्टेन्डोने वी यू आणि थ्रीडीएस या यंत्रांचे ऑनलाइन दुकान बंद केले. जे खेळ फक्त तिथेच मिळत होते ते विकत घेण्याचा मार्ग त्या दिवशी संपला. राखीव खेळाचे आयुष्य त्याच्या यंत्राच्या आयुष्याला बांधलेले असते आणि यंत्राचे आयुष्य सात-आठ वर्षांचे. चाळीस वर्षांपूर्वीचे नाटक संहितेवरून पुन्हा उभे करता येते, चित्रपटाची प्रत जपता येते. खेळाला मात्र चालते यंत्र लागते. अनेक यंत्रांवर गेलेला खेळ अनेक ठिकाणी तग धरतो.

यंत्र बनवणाऱ्या कंपन्या आपल्या खेळांना ‘मालमत्ता’ म्हणतात. कायद्याने ती आहेच. पण लेखकाचा हक्कही मुदतीचा असतो आणि त्यानंतर पुस्तक सर्वांचे होते, हे आपण स्वीकारले आहे. खेळांच्या बाबतीत तितका काळ थांबता येणार नाही, कारण तोवर ते चालवायला काही उरलेलेच नसेल. म्हणून कुंपण घालणाऱ्याने ते घालतानाच त्याची तारीख सांगावी. अटारीने आणि सेगाने दार उघडले ते हरल्यावर. मायक्रोसॉफ्ट उघडते आहे तेही हार मान्य केल्यावर. एखाद्या कंपनीने ते जिंकत असताना, स्वतःहून, ठरवलेल्या दिवशी उघडून दाखवावे. तसे आजवर पुरतेपणी कोणी केलेले नाही.